वाढत्या अंगाचं घर

मिस्त्री : ...म्हणून म्हणतो ताई, एकदा फोडला की फोडला. मग संध्याकाळी म्हणाल, मिस्त्री, परत होता तसा करून द्या, तर मी काही जादूगार नाही. बोला, घालू घाव?

लेक : घाला. नाही, थांबा जरा. पाणी बंद केलंय ना? व्हिडिओत सांगितलंय, काहीही फोडायच्या आधी पाणी आणि वीज दोन्ही बंद करायची. जुन्या घरात पाइप कुठून गेलाय ते कुणालाच माहीत नसतं.

मिस्त्री : वीज सकाळीच बंद केली. म्हणून तर पंखा थांबलाय आणि मी असा निथळतोय.

आई : पाइप ओट्यातून नाही गेलेला. बाहेरून आलाय, खिडकीच्या कडेने. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण इथं विचारतंय कोण!

लेक : आई, तू मधल्या खोलीत जाऊन बस ना गं. आता धूळ उडेल. परवा तर प्लास्टर निघालंय हाताचं.

आई : पायरीवर बसलेय मी. ही पायरी मधल्या खोलीचीच आहे. खाली स्वयंपाकघरात पाऊल ठेवलेलं नाही.

मिस्त्री : राहू द्या आजींना. माणसं बघत असली की माझा हातही नीट चालतो. बरं, मी काय म्हणतो, ओटा तसा दणकट आहे हो. वरची काळी लादी बघा, कुठे तडा नाही. सांधे बघा. कुणी बांधला?

लेक : बाबांनी. घरच त्यांनी बांधलंय सगळं. आधी ही मधली खोली, मग बाहेरची, शेवटी स्वयंपाकघर. दुकान बंद झालं की इथं यायचे आणि विटा लावायचे.

मिस्त्री : गवंडी होते?

लेक : शिंपी. गवंड्याचं काम बघून बघून शिकले. लोकांना विचारायचे, कुणाचं घर बांधत असलं की तिथं जाऊन तासन् तास उभे राहायचे.

आई : एका गवंड्याने तर ह्यांना हाकलून दिलं होतं. त्याला वाटलं, मालकाने लक्ष ठेवायला माणूस पाठवलाय.

मिस्त्री : (हातोडा खाली ठेवत) शिंप्याने बांधलेलं घर! मी म्हणालोच सकाळी, कोपरे किती नाजूक काढलेत. मग फोडताय कशाला?

लेक : आईला बघा की. आणि ओटा बघा. तिच्या कोपराच्याही वर येतो तो. आयुष्यभर पाटावर उभी राहून स्वयंपाक केला तिने. पाट गॅसजवळ, मग सरकवत मोरीजवळ, परत गॅसजवळ. आमची सकाळ त्या आवाजाने व्हायची, खर्र खर्र. आणि आता पाय सटकला पाटावरून. मनगट मोडलं. पुढच्या वेळी खुबा मोडेल.

आई : तुझ्या तोंडात साखर पडो.

लेक : मी नाही म्हणत, दादा म्हणतो तसं. मिस्त्री, माझा भाऊ तिला त्याच्याकडे कायमचं न्यायला निघालाय. वरच्या मजल्यावर घर आहे त्याचं, सगळं गुळगुळीत, सगळं तयार. मी म्हटलं, महिना दे मला. स्वयंपाकघर तिच्या मापाचं करून दाखवते. मग बघू, राहते की नाही ती एकटी. महिनाअखेरीला तो येणार आणि बघणार.

मिस्त्री : म्हणजे परीक्षाच आहे म्हणा. आजी, तुम्हाला कुठे राहायचंय?

आई : हे मला आजवर फक्त तुम्ही विचारलंत. मला इथंच राहायचंय. दुसरीकडे झोपच लागत नाही मला. त्याच्याकडे रात्री पाणी प्यायला उठले तर कपाटात जाऊन उभी राहिले.

लेक : म्हणूनच चाललंय ना हे सगळं! मग आता फोडू दे.

आई : राहायचंय म्हटलं. ओटा फोडा असं नाही म्हटलं.

लेक : आई, कालपर्यंत तर तू हो म्हणत होतीस.

आई : काल हातोडा आला नव्हता घरात.

मिस्त्री : मी जरा बाहेर जाऊन चहा पिऊन येऊ का?

लेक : तुम्ही इथंच थांबा. आई, तुला काय त्या ओट्याचं एवढं? त्याने तुझे खांदे गेले. मी लहानपणापासून बघतेय. पातेलं उतरवताना तू कशी टाचा उंचवायचीस, पाटावरसुद्धा. मिस्त्री, आमच्या घरात ही ठरलेली थट्टा आहे. पाहुणे जमले की कुणीतरी ओट्याचं काढणारच. सगळ्या पेठेची मापं ह्या माणसाच्या जिभेवर, कधी कुणाचा सदरा बिघडला नाही, कुणाची चोळी सैल झाली नाही. चुकलं ते एकटं बायकोचं माप! स्वतः ताडमाड उंच, तसाच स्वतःच्या अंगाने ओटा बांधून मोकळे.

मिस्त्री : होतं असं. मी पण आमच्याकडे मोरीचा नळ माझ्या उंचीने बसवला. बायको अजून बादली उचलताना माझ्या नावाने काहीतरी पुटपुटते.

लेक : निदान तुम्ही जिवंत आहात ऐकायला.

आई : बबडे.

लेक : चुकलं. पण खरंच आई, हा ओटा नाही फोडला तर तू इथं राहू शकत नाहीस. दादा ऐकणार नाही, आणि त्याचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही.

आई : मग मी जाते दादाकडे.

लेक : काय?

आई : ओटा फोडून राहण्यापेक्षा ओटा ठेवून जाते. कुलूप लावा. सणावाराला येऊन बघून जाईन.

लेक : हे बघा! मी सुट्ट्या काढल्या, नवऱ्याला आणि पोरांना तिकडे सोडून आले, हातात ग्राइंडर धरायला शिकले, आणि ही म्हणते कुलूप लावा. कुणासाठी करतेय मी हे?

आई : ओरडू नकोस. मिस्त्री घाबरले.

मिस्त्री : घाबरलो नाही, पण मी काय म्हणतो, ताई, फोडायचं नंतर बघू. आधी नवा ओटा केवढा उंच करायचा ते तर ठरवू. कागदावर माप पाहिजेच. कोपर वाकवायचं आणि कोपरापासून चार बोटं खाली ओटा. म्हणजे खांदे उचलले जात नाहीत. ज्याला काम करायचंय त्याचं माप घ्यायचं, बांधणाऱ्याचं नाही.

लेक : ये आई, मापाला तरी ये. मापाने काही फुटत नाही.

आई : आले. हात दे. ही पायरी उतरताना गुडघा कुरकुरतो.

लेक : सरळ उभी राहा. चप्पल काढ. व्हिडिओवाला सांगतो की घरात चप्पल घालत असाल तर चपलेसकट माप घ्या, पण तू अनवाणी असतेस. कोपर वाकव. मिस्त्री, इथं धरा टेप. बरोबर. आता जुना ओटा. हं. फरक किती आला? एका विटेएवढा. आडवी वीट ठेवली तर तेवढाच.

मिस्त्री : बघू. ही घ्या वीट. आजी, उभ्या राहा हिच्यावर, मी धरतो तुम्हाला. वा! आता बघा कोपर. बरोबर चार बोटं. जसं काही मोजून केलंय.

लेक : योगायोग. आई, उतर खाली, परत पडशील.

आई : उतरते. जरा उभी राहू दे.

लेक : किती वेळ?

आई : झालं. उतरले.

मिस्त्री : बरं, मी खालच्या बाजूने जरा ठोकून बघतो, विटा कशा लावल्यात. फोडत नाही आजी, नुसतं ठोकतो. अरेच्चा. ताई, इकडे बघा. खालच्या ओळीला गिलावाच नाहीये. वरून तेलरंग फासलाय म्हणून दिसत नव्हतं. इथं गिलावा एका रेघेत थांबलाय आणि खाली उघडी वीट. शिंपी म्हणताय, मग कड अशी अर्धवट कशी सोडली?

लेक : सिमेंट संपलं असेल. त्यांचं नेहमी संपायचं. अर्धं पोतं कुणाकडून तरी उसनं आणायचे.

मिस्त्री : सिमेंट संपलं तर गिलावा कुठेतरी संपतो. असा सरळ रेघेत नाही संपत.

लेक : ते पिंप सरकवा बरं. इथंही आहे रेघ. ह्या भिंतीलाही. कपाटामागे? थांबा, मोबाइलचा दिवा लावते. तिथंही. सगळीकडे फिरलीय. जमिनीपासून केवढी वर आहे? ती वीट आणा.

मिस्त्री : घ्या.

लेक : विटेएवढीच.

मिस्त्री : पुन्हा वीटच?

लेक : थांबा, थांबा. मोरीचं तोंड. आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी कधी आपणहून मोरीत गेलं नाही. आई रोज फडक्याने टिपून टिपून मोरीत पिळते. मी म्हणायचे, बाबांना उतार काढता आला नाही. विटेने मोजा ते तोंड. जमिनीपासून किती वर आहे?

मिस्त्री : ताई, मला आता भीती वाटायला लागलीय. वीट ठेवली की तोंड बरोबर तिच्या वरच्या पातळीला येतंय.

लेक : आणि मागचं दार. दाराखाली केवढी फट आहे बघा. तिथून मांजराचं पिल्लू यायचं आत, दादाने त्याचं नाव पोस्टमन ठेवलं होतं. हिवाळ्यात आई तिथं गोणपाट कोंबायची. आई, दार वर बसवलंय की खालून कापलंय, यावरून तुम्ही मोठी माणसं भांडायचात आठवतं?

आई : तुझे मामा भांडायचे. मी कधीच भांडले नाही.

लेक : आणि ही पायरी. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात उतरायला पायरी का आहे? कुणाच्या घरात अशी असते? हिलाही वीट लावून बघा.

मिस्त्री : लावली. बरोबर बसली.

लेक : चुका असत्या तर वेगवेगळ्या मापाच्या असत्या. कुठे बोटभर, कुठे वीतभर. ह्या सगळ्या एकाच मापाच्या कशा?

मिस्त्री : मी तेच म्हणणार होतो, पण तुम्ही आधी म्हणालात.

लेक : आई.

आई : काय?

लेक : माझा शाळेचा निळा फ्रॉक आठवतो?

आई : कुठला? निळे पुष्कळ होते.

लेक : बाबा आमचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवायचे. फ्रॉकला खाली ही एवढी दुमड आत घातलेली. मी वाढले की दुमड सोडायची. पण जुनी रेघ राहायचीच कापडावर, कितीही इस्त्री केली तरी. वर्गातल्या मुली ती रेघ बघून सांगायच्या, ही इतकी वाढली. भिंतीवर ही तीच रेघ आहे गं. दुमड आहे ही. इथपर्यंत जमीन यायची होती. ओटा उंच नाहीच आहे. जमीन खाली आहे!

मिस्त्री : आई शप्पथ.

लेक : तुला माहीत होतं?

आई : माहीत असायला काय, मीच उभी होते ना विटेवर.

लेक : विटेवर?

आई : ओटा बांधायच्या दिवशी. जमिनीचं काम शेवटी करायचं, असं ठरलं होतं. मागे जरा सखल आहे, पाणी येतं, म्हणून भर घालून सगळ्या घराची जमीन एक करायची. भर घालायच्या आधी ओटा उभा करायचा, म्हणजे ओट्याचा पाया भरीत घट्ट बसेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मग माप घ्यायचं कसं? मला म्हणाले, विटेवर उभी राहा, जमीन झाल्यावर तू एवढी उंच असशील. आणि दुकानातली टेप काढली गळ्यातून. कोपरापासून खाली माप घेतलं, जसं गिऱ्हाइकाचं घेतात तसं. तोंडात टाचण्या नव्हत्या एवढंच.

मिस्त्री : काय माणूस!

आई : विटेवर उभी राहिले तर त्यांच्या खांद्याला लागले. म्हणाले, आता शोभतो जोडा, रोज विटेवरच उभी राहत जा. मी म्हटलं, लवकर घ्या माप, शेजारची माणसं बघताहेत. तर मुद्दाम दोनदा घेतलं.

लेक : आणि मग?

आई : मग ओटा झाला. भिंतींना गिलावा झाला, रेघेपर्यंत. मागे अंगणात भर येऊन पडली. तुम्ही दोघं तिच्यावर खेळायचात ना, किल्ला म्हणून?

लेक : तो ढिगारा? तो ह्या जमिनीचा होता?

आई : मग कशाचा असणार! तुझा दादा त्याच्यावरून घसरून गुडघे फोडून घ्यायचा. मग हे आजारी पडले. म्हणायचे, जरा ताप उतरू दे अंगातला, येत्या सुट्टीत घालून टाकू. ताप काही उतरला नाही. दुकान बंद केलं ते केलंच. पुढचं तुला माहीत आहे.

लेक : हो.

आई : ढिगारा तसाच पडून होता बरेच दिवस. मग रस्त्याला खड्डे पडले तेव्हा लोक टोपल्यांनी घेऊन गेले. मी नाही म्हटलं नाही. ह्यांच्याशिवाय ती भर आत घ्यायची, हे माझ्या डोक्यातच येईना.

लेक : पण आम्हाला कधी सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं आम्ही त्यांची टिंगल करतोय. मामा, दादा, माझा नवरासुद्धा. आणि तू हसत बसायचीस सगळ्यांबरोबर!

आई : तुम्ही लहान होतात गं. त्यांचं नाव काढलं की दोघं रडायचात. फोटो भिंतीला लावला तर दादा जेवेना. मग मी त्यांचं नाव घ्यायचंच सोडून दिलं घरात. एकदा मामा ओट्याकडे बघून म्हणाला, काय हे, शिंप्याला बायकोचं माप आलं नाही? आणि तुझा दादा खो खो हसला. किती महिन्यांनी हसला होता पोरगा. म्हटलं, राहू दे. ह्या निमित्ताने का होईना, त्यांचं नाव तरी हसत हसत निघतंय. खरं सांगितलं असतं तर ते अर्धवट टाकून गेले, हेच आठवत बसलं असतं सगळ्यांना.

लेक : दादा हसायचा. मी नाही हसायचे, आई.

आई : तूही हसायचीस.

लेक : तोंडदेखलं. मला राग यायचा त्यांचा. पाटाचा आवाज आला की यायचा. वाटायचं, ज्या माणसाला बायको केवढी आहे तेवढंही बघता आलं नाही, त्याचं प्रेम ते कसलं असणार! लग्न ठरलं तेव्हा मी आधी त्या घराचा ओटा बघून आले होते, माहीत आहे तुला? मी त्यांच्यावर रुसूनच मोठी झाले गं.

आई : हे मला कधी कळलं नाही. खरंच नाही कळलं.

लेक : कसं कळणार? मीही बोलले नाही, तूही बोलली नाहीस.

आई : ये इकडे. बस पायरीवर. डोळे पूस आधी, सिमेंटचे हात लावू नकोस, चुरचुरतील. तुझ्या फ्रॉकची दुमड सोडताना ते काय म्हणायचे ठाऊक आहे? ही पोरगी माझं कापड पुरूच देत नाही. आणि काय खूश असायचे म्हणताना!

लेक : आठवतंय. सुई तोंडात धरून म्हणायचे.

मिस्त्री : मी काय म्हणतो... म्हणजे तुमचं चालू द्या, पण मी हातोडा घेऊन आलो तो काय शोभेला?

लेक : नाही. हातोडा लागेल. ओट्याला नाही, जमिनीला. जुन्या फरशीला टाचे मारायचे, म्हणजे नवं काम धरून राहील. मग भर. नीट ठोकून, पाणी मारून बसवायची, घाई करायची नाही. कच्च्या भरीवर लाद्या घातल्या की चार महिन्यांत पोकळ वाजतात, हे मी दहा ठिकाणी ऐकलंय. मग वर कोबा आणि लाद्या. गुळगुळीत नकोत, खरखरीत. आणि उतार मोरीकडे.

मिस्त्री : दाराला हात लावायला नको, मोरीला नको, ओट्याला नको. पायरी तर आपोआप जाणार. असलं काम मी बापजन्मात केलं नाही, सगळं आधीच करून ठेवलेलं. एकच शंका. गॅसचा सिलिंडर ओट्याखाली बसेल का? जमीन वर आली की खालची जागा कमी होणार.

लेक : बसेल. त्यांनी बघितलं असणार.

आई : मोजून बघ गं बाई. कालपर्यंत माणसाला ओटा बांधता येत नव्हता, आणि आज एकदम एवढा भरवसा!

लेक : मोजते. मिस्त्री, वीट द्या. बसतोय. हात जाईल एवढी जागा उरते वर.

मिस्त्री : घ्या! आता मी खरंच चहा पिऊन येतो. ह्या माणसापुढे माझं डोकं चालेनासं झालंय.

लेक : आई, आता तरी कुलूप लावायचं नाही ना?

आई : आधी जमीन होऊ दे. दादाला पटलं पाहिजे. तो तुझ्यासारखा रडून ऐकणाऱ्यातला नाही.

(काही आठवड्यांनंतर, त्याच स्वयंपाकघरात. फोन ओट्यावर ठेवला आहे, स्पीकर चालू.)

मुलगा : ऐकू येतंय का? हां. आई, कपडे बांधून ठेवलेस का? रविवारी गाडी घेऊन येतोय. खोली तुझी तयार केलीय, पलंगाला कठडापण लावून घेतलाय.

लेक : दादा, तू आधी येऊन बघणार होतास. बघायच्या आधीच कठडा?

मुलगा : बघणारच आहे. मुद्दा एवढाच, की ओटा नवा केला म्हणून सगळं सुटत नाही. ती पायरी आहेच ना मधल्या खोलीची? रात्री उठली, पाय चुकला, मग?

लेक : पायरी नाहीये.

मुलगा : नाहीये म्हणजे? फोडलीस?

लेक : बुजली. जमीन वर आणली सगळी. बाहेरच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत आता एक सलग. ती आत्ता चालत गेली, डोळे मिटून. मी ओरडले तर म्हणाली, बघतेय मी, पाय अडतो का.

मुलगा : आणि ओटा? केवढा केला?

लेक : ओट्याला हात नाही लावला. तोच आहे.

मुलगा : अगं पण मग ती पाटावरच उभी राहणार! तू महिनाभर केलंस काय नेमकं?

आई : अरे, पाट बाहेर अंगणात ठेवलाय. मी लाद्यांवर उभी आहे. ऐक. हा चमचा वाजला ना, तो गॅसजवळ. आता चालले. हे मोरीजवळ वाजवलं भांडं. ऐकू आलं? मध्ये खर्र झालं का कुठे?

मुलगा : नाही.

आई : ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मी नुसती चालत गेले रे. सकाळपासून पाच वेळा उगाच गेले. काम काही नव्हतं.

मुलगा : मला कळत नाहीये. जुन्याच ओट्यावर तुझा हात कसा पुरतो?

लेक : कारण बाबांनी तिच्याच मापाने बांधला होता. जमीन व्हायची राहिली होती, दादा. जमीन वर येणार हे धरून बांधलेला. विटेवर उभी करून माप घेतलं होतं तिचं. आपला किल्ला आठवतो मागचा? ती भर होती.

मुलगा : काय सांगतेस?

लेक : आम्ही जमीन वर आणली तर दार बसलं, मोरीला पाणी आपणहून गेलं, ओटा कोपराला आला. काहीही बदलावं लागलं नाही. फक्त त्यांचं राहिलेलं काम केलं.

मुलगा : म्हणजे... माप बरोबर होतं?

आई : बरोबर होतं रे. कधी कुणाचं चुकलंय त्यांचं?

मुलगा : आई, मी ऑफिसात सांगतो तो किस्सा. ओट्याचा. नवीन माणूस आला की हमखास सांगतो. मागच्याच आठवड्यात सांगितला, सगळे हसून हसून...

आई : सांग की. छान सांगतोस तू. फक्त आता शेवट बदलून सांग.

मुलगा : मला नाही सांगता येणार लगेच.

आई : नको सांगूस लगेच. सावकाश सांग. आवाज का असा झाला तुझा?

मुलगा : काही नाही. रस्त्यावर आहे, धूळ आहे.

लेक : दादा, आम्हीही महिनाभर धूळच खाल्ली. होतं असं.

मुलगा : गप गं. आई, पण तुझं एकटीचं... म्हणजे मला काळजी वाटते, दुसरं काही नाही. मी रविवारी येतो. येऊ ना?

आई : ये ना. जेवायलाच ये, सगळ्यांना घेऊन ये. सकाळी लवकर निघा. मी उभ्या उभ्या सगळं करते, कुणी मदतीला यायचं नाही मध्ये.

मुलगा : आणि सामान?

आई : सामान कशाला? अरे, आमचं घर आत्ता कुठे बांधून झालंय. जरा राहू तरी दे मला त्यात.